चुकीपाशी टिंब

सरांना कुणी लग्नाची पत्रिका दिली की ते आधी चष्मा काढत. मग पत्रिका हातभर लांब धरत, डोळे बारीक करत आणि खिशातली पेन्सिल काढून तिच्यावर कुठेतरी एक बारीकसं टिंब देत. लग्नाची तारीख, मुहूर्त, कार्यालय हे सगळं नंतर. पुष्कळदा ते राहूनच जाई. आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या मुलीची पत्रिका त्यांनी अशीच टिंबं देऊन दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर परत आणून ठेवली होती. मॅडम पुढे ही गोष्ट सगळ्यांना हसत सांगायच्या. त्या दिवशी मात्र त्या हसल्या नव्हत्या.

"अहो सर, पत्रिका छापून झाल्यात. निम्म्या वाटूनही झाल्यात."

"म्हणून तर काही बोललो नाही," सर म्हणाले. "नुसती टिंबं दिली."

मी आता नाशिकमध्येच एका छोट्या स्टुडिओत काम करते. द्राक्षांच्या खोक्यांवरची डिझाइन्स, क्लासेसच्या जाहिराती, वाढदिवसांचे फ्लेक्स. सकाळी आल्यावर पहिल्यांदा व्हॉट्सॲप उघडायचं आणि रात्रीतून कुणाकुणाचे वाढदिवस आले ते बघायचं. हल्ली तर लोक मोबाईललाच सांगून चित्र करून आणतात आणि म्हणतात, "ताई, याच्यावर फक्त नाव टाकून द्या." मी टाकून देते. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले की सर आठवतात. ते आता कॉलेजात नाहीत.

आमचं घर देवळ्याचं. वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान. गेटं, ग्रिलं, कांदे साठवायच्या चाळींचे सांगाडे. घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांना बसवलं, सीईटीचा अर्ज भरून दिला आणि मी नाशिकला ललित कलेच्या पदवीला लागले. विषय उपयोजित कला, म्हणजे ज्याला सगळे ग्राफिक डिझाइन म्हणतात तो. चार वर्षांची पदवी. यात नोकरी असते एवढं बाईंनी वडिलांना पटवलं होतं, आणि त्या एका वाक्यावर वडिलांनी मला सोडलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

पहिल्या वर्षी दिवाळीला घरी गेले तर वडिलांनी विचारलं, "काय शिकाडतस तठे?"

मी म्हटलं, सध्या अक्षरं.

वडील म्हणाले, "अक्षरं ते तू पहिलीमाच शिकनी ना? मंग आते काय शिकस?"

सुट्टी संपवून आल्यावर मी हा प्रश्न सरांना सांगितला. वाटलं, ते काहीतरी चांगलं उत्तर देतील आणि मी ते घरी फोनवर सांगेन. सर म्हणाले, "बरोबर विचारतायत वडील. त्यांना म्हणावं, मास्तरसुद्धा अजून पहिलीतच आहे." हे उत्तर काही मी घरी सांगितलं नाही.

सर आम्हाला अक्षरांकन शिकवत. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असे. वर्गात आल्यावर ते हजेरी घेत नसत, फळ्यावर काही लिहीत नसत. आमच्या ड्रॉइंग बोर्डांमधून हळूहळू फिरत, चष्मा काढून. चष्म्याशिवाय त्यांना वाचता येत नसे, आणि तेच त्यांना हवं असे. "वाचायला लागलं की दिसायचं बंद होतं," ते म्हणत. आमचा कागद त्यांना नुसता काळा-पांढरा दिसे. जिथे काही खटके तिथे ते पेन्सिलीचं टिंब देऊन पुढे जात. का दिलं, ते सांगत नसत. ते आपण शोधायचं.

पहिल्या सत्रात आम्ही एकच अक्षर काढत होतो, 'ग'. सोपं वाटतं, पण एक आठवडा झाला की 'ग' हे अक्षर आहे यावरचा विश्वासच उडतो. सरांच्या लेखी मात्र अक्षरं म्हणजे वस्तीतली माणसं होती. एकाला म्हणाले, "तुझा 'ग' दारात उभा आहे. आत ये म्हण त्याला." हरसूलकडून आलेल्या एका मुलाला म्हणाले, "याचा पाय लचकलाय का रे? कालपर्यंत बरा होता." माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. माझ्या कागदावर मधोमध, जिथे काहीच काढलेलं नव्हतं अशा कोऱ्या जागेत, एक टिंब देऊन निघून गेले.

मी दुपारभर त्या टिंबाकडे बघत बसले. तिथे चूक असायला आधी काहीतरी असायला हवं ना? शेवटी मी रडकुंडीला येऊन त्यांना गाठलं.

"सर, इथे मी काहीच केलेलं नाहीये."

"हो ना," सर म्हणाले. "इथे काहीच केलेलं नाहीस. सगळी अक्षरं डावीकडे गर्दी करून बसलीयेत. एसटीत पुढच्या दाराशी उभी राहतात ना माणसं, मागे जागा असून, तशी. कंडक्टर हो जरा."

पुढे चारही वर्षं त्यांचा आवडता शब्द एकच होता. "पुन्हा." तो ते रागाने म्हणत नसत. कुणी चहा घेणार का विचारल्यावर आपण "अर्धा" म्हणतो, तितक्या सहज म्हणत. त्यामुळे चिडायचीही सोय नसे.

ज्या दुकानाची पाटी वाईट आहे त्या दुकानात ते जात नसत. हे त्यांच्या घरी गेल्यावर काकूंकडून कळलं. सर पंचवटीत राहत, जुन्या पद्धतीच्या दोन खोल्यांत. घराखालीच औषधांचं दुकान होतं, पण त्याच्या पाटीवर लाल अक्षरांना पिवळी किनार आणि तिला निळी सावली होती. सर डोकेदुखीची गोळी आणायला सायकल काढून रविवार कारंजापर्यंत जात.

"येईपर्यंत माझं डोकं दुखायचं थांबलेलं असतं," काकू म्हणाल्या. "नाहीतर यांचं सुरू झालेलं असतं."

काकू ब्लाउज शिवायच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापडांच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. त्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावं सरांच्या हातची होती, आणि ती इतकी देखणी होती की बायका म्हणे ब्लाउज नेताना चिठ्ठीही मागून नेत. लग्नसराईत काकू सकाळी बसल्या की जेवणापुरत्या उठत. मान सारखी खाली. बोलतानाही त्या मान वळवत नसत, सगळ्या अंगाने वळत. डॉक्टरांनी त्यांना मशीन बंद करायला सांगितलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "सांगायला काय जातं त्यांचं."

कारण सर कायम नव्हते. हे मला दुसऱ्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. आम्हाला सगळे सर सारखेच वाटत. पण हे तासिकेवर होते. जितके तास तितकं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा अर्ज. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची नव्हती. ते वर्गातच एका डुगडुगत्या स्टुलावर बसून डबा खात. आमच्यातलं कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणत, "असू दे. खुर्चीत बसलं की झोप येते." त्यांचे केस पांढरे होत आले होते.

आम्ही शेवटच्या वर्षात असताना ती जागा निघाली. विभागात एक पूर्णवेळ, कायम. जाहिरातीत लिहिलं होतं की पदव्युत्तर पदवी आणि नेट परीक्षा हवी. नसेल तर व्यवसायात नावाजलेलं काम, पुराव्यासह. सरांची जुनी पदविका होती. म्हणजे त्यांच्यासाठी दार होतं ते दुसरं, कामाच्या पुराव्याचं. आणि मॅडमनी स्वच्छ सांगितलं की पुन्हा कधी जागा निघेल, निघेल की नाही, हे देव जाणे, आणि निघेपर्यंत सरांचं वय राहणार नाही.

काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, "हे झालं ना, तर या मशीनवर मी कपडा टाकून देईन. फुलदाणी ठेवीन वर."

अडचण एवढीच होती की पुरावा असा काहीच नव्हता. शिकवायला लागण्याआधी आणि लागल्यावरही कितीतरी वर्षं सरांनी नाशिकमधल्या पाट्या रंगवल्या होत्या. दुकानांची शटरं, दवाखाने, शाळांची नावं, चिवड्याची आणि उदबत्तीची पाकिटं, द्राक्षांच्या पेट्यांवरचे छाप. पण एकाही कामाचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. खाली नाव घालायची तर पद्धतच नव्हती. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "तू यांची फाईल कर. फोटो काढ, स्लाइड्स कर. यांना लॅपटॉपला हात लावायला सांगू नकोस, ते पडद्यावर टिंब देतील."

मला फार बरं वाटलं. चार वर्षं नुसतं घेतच होते. काही करता येईल अशी ही पहिलीच वेळ होती.

मग आम्ही सरांचं काम शोधायला निघालो. माझ्या मैत्रिणीची स्कूटी, मागे सर, हातात छत्री धरल्यासारखी फाईल धरून. ते गाडीवर बसायला घाबरत. सायकल का चालवता याचं त्यांचं कारण होतं की गाडीवरून पाट्या वाचता येत नाहीत. भद्रकाली, दहीपूल, मेनरोड, पंचवटी. पहिल्याच चौकात कळलं की हे अवघड आहे. जिथे सरांची पाटी होती तिथे आता फ्लेक्स होता. पुढच्या ठिकाणी फ्लेक्स. एका ठिकाणी दुकानच नव्हतं, पार्किंग होतं. सर "पुढे बघू," म्हणत आणि परत मागे बसत. उन्हात फिरून फिरून संध्याकाळी माझी पाठ भरून यायची. सरांची काय गत होत असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तरी मिळत गेलं. एका बोळात लाँड्री होती. पाटी जशीच्या तशी, पत्र्यावरची, हिरव्यावर पांढरी अक्षरं. मी तर टाळीच वाजवली. लाँड्रीवाले काका इस्त्री उभी करून बाहेर आले.

"अरे, पेंटर! या या! कुठे असता? बघा, तुमचा बोर्ड अजून ठणठणीत. रंग हललेला नाही."

"रंग ठीक आहे," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता. "पण 'ल' चुकलाय."

"काय चुकलाय? इतकी वर्षं लोक वाचतायत की."

"वाचतायत म्हणून तर तसाच राहिला. या दोन गोल गाठी बघा त्याच्या. एक जेवलेली आहे, एक उपाशी. शिडी आहे का? मी आत्ता दुरुस्त करून देतो."

"आता कशाला हो! दिवाळीत पोरगा डिजिटल लावतोय. लाइटवाला."

मी फोटो काढला. सर म्हणाले, "हा नको घेऊ."

गिरणीची पाटी मिळाली. पिठाने पांढरी झालेली, आम्ही फडक्याने पुसली. तीही नको. "इथे शेवटी जागा संपत आली म्हणून 'णी' दाबून बसवलीय. इथे मी दमलो होतो. दिसतंय ते." दवाखान्याची पाटी नको, कारण मात्रा भिंतीला टेकायला आल्यासारख्या कललेल्या होत्या. शाळेचं नाव चांगलं होतं, पण त्यातलं निम्मं दुसऱ्याने नंतर रंगवलं होतं, म्हणून ते आपलं म्हणणं बरोबर नाही. असं करत करत ते एकेक फोटो फाईलमधून काढून टाकायला लावत. रोज संध्याकाळी मी फाईल उघडायचे आणि सकाळपेक्षा ती बारीक झालेली असायची. शेवटी चार-पाच कामं उरली. त्यातल्या एका उदबत्तीच्या पाकिटाकडे ते परत संशयाने बघायला लागले होते.

मी मॅडमकडे गेले. मॅडम कुठल्याशा मूल्यांकनाच्या कागदांच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. चष्मा डोक्यावर, चहा गार झालेला.

"मॅडम, सर सगळं काढून टाकतायत."

त्यांनी सरांना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं. "सर, मला तुमचं काम माहीत आहे. पॅनेलला माहीत नाही. त्यांना मोजता येईल असं काहीतरी लागतं. फाईल जाड हवी. मिळालेलं सगळं घालायचं. विद्यार्थ्यांचं मार्किंग नाहीये हे, नोकरी आहे. आणि घरी काकूंची मान काय म्हणतेय?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "घाल. सगळं घाल."

मला वाटतं, चार वर्षांत त्यांनी "पुन्हा" न म्हणता काम पुढे गेलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मुलाखतीच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूंनीच शिवलेला होता, कॉलर अगदी ताठ. स्लाइड्स चालवायला मला आत बसण्याची परवानगी मॅडमनी काढून ठेवली होती. टेबलापलीकडे संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विद्यापीठाने पाठवलेले बाहेरगावचे एक तज्ज्ञ आणि मॅडम. सकाळपासून मुलाखती चालू होत्या, सगळेच दमलेले होते. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी सरांना आधी पाणी घ्यायला सांगितलं.

सुरुवात फार चांगली झाली. सर कमी बोलत होते, मी एकेक स्लाइड पुढे नेत होते. द्राक्षांच्या पेटीवरचा छाप आला तेव्हा तज्ज्ञ पुढे वाकले. "हे तुमचं? हे मी लहानपणी पाहिलेलं आहे," ते म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे हळूच बघितलं. मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात काकूंच्या मशीनवर फुलदाणी ठेवूनसुद्धा टाकली.

मग अध्यक्षांनी, अगदी चांगल्या मनाने, विचारलं, "सर, यातलं तुमचं स्वतःचं आवडतं काम कोणतं? त्याबद्दल दोन शब्द सांगा."

दुसरा कुणीही उमेदवार या प्रश्नावर खूश झाला असता. सर विचारात पडले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला. चष्मा निघाला तसं मी पुढच्या स्लाइडच्या बटणावर बोट ठेवलं.

"मागे घे जरा," ते मला म्हणाले.

मी एक स्लाइड मागे घेतली.

"अजून."

लाँड्रीची पाटी आली. सर उठले. पॅनेलकडे त्यांची पाठ झाली, आणि त्यानंतर ते खोलीत कुणाची तरी मुलाखत चालू आहे हे विसरले. ते वर्गात होते. "हे बघा, लांबून चांगलं वाटतं. पण हा 'ल' बघा," त्यांनी सुरुवात केली. दोन गाठी, एक जेवलेली, एक उपाशी. मी घाईने पुढची स्लाइड घेतली.

"थांब गं. मागे घे म्हटलं ना."

मग गिरणी. "इथे उन्हाची वेळ होती, मी उरकलंय." मग दवाखाना. त्यांनी टेबलावरचा मार्कर उचलला आणि भिंतीवर पडलेल्या चित्रावर, म्हणजे थेट भिंतीवर, टिंबं द्यायला लागले. कॉलेजची नुकती रंगवलेली भिंत होती. प्राचार्य खुर्चीत चुळबुळले. तज्ज्ञ मात्र आपली खुर्ची सोडून भिंतीपाशी येऊन उभे राहिले होते. "वेलांटी जड झालीय, खरं आहे. मग आता तुम्ही ती कशी कराल?" असं त्यांनी विचारलं आणि सरांनी त्यांना ती भिंतीवरच काढून दाखवली. दोघंही अगदी रंगून गेले होते. चार वर्षांत मी सरांचा इतका चांगला तास ऐकला नव्हता. आणि मला वाटत होतं, कुणीतरी वीज घालवावी.

शेवटी अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. "सर, बसा. एक अडचण आहे. आम्हाला इथे लिहायचंय की उमेदवाराचं काम वाखाणण्याजोगं आहे. आणि तुम्ही स्वतःच सांगताय की जवळजवळ सगळं चुकलेलं आहे. मग आम्ही काय लिहायचं?"

सरांनी चष्मा लावला. त्यांनी त्या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाले, "हं. तुमचंही अवघड आहे."

बाहेर व्हरांड्यात अर्ध्या तासाने मॅडम आमच्यापाशी आल्या. त्यांचा आवाज चिरकला होता.

"दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही का हो तुम्हाला?"

"बसलो होतो," सर म्हणाले. "त्यांनी विचारलं."

मॅडम कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "निकाल रीतसर लागेल तेव्हा लागेल. पण मी आतच बसले होते, तर माझ्याकडूनच ऐका. तज्ज्ञ तुमच्या बाजूने बोलले. पण कागदावर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. सकाळच्या त्या मुलीला घेतायत. नेट आहे, पदवी आहे, पोरगी हुशारही आहे."

"हो, मी पाहिलं तिचं काम बाहेर," सर म्हणाले. "चांगलं आहे. मार्जिन कळतं तिला."

मॅडम आत निघून गेल्या.

आम्ही दोघं पार्किंगपर्यंत आलो. सरांनी सायकलचं कुलूप काढलं, परत लावलं, परत काढलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी स्कूटीची डिकी उघडून त्यात बघत होते.

"तू एक काम कर," सर म्हणाले. "घरी जा आमच्या. स्कूटीवर आहेस, लवकर पोचशील. आणि काकूंना सांगून टाक."

"मी, सर?"

"तू होतीस तिथं. आणि तुला नीट सांगता येतं. मी सांगायला लागलो तर वेलांटीपाशीच अडकेन. मी येतो सायकलवर, मागून."

मी गेले. काय सांगायचं ते रस्ताभर जुळवत होते, पण प्रत्येक सिग्नलला ते मोडत होतं. काकूंनी दार उघडलं तेव्हा घरात शिऱ्याचा वास येत होता. त्या माझ्या मागे बघायला लागल्या.

"हे कुठे आहेत?"

"येतायत, काकू. सायकलवर आहेत."

"बस ना. झालं का सगळं? नीट बोलले का?"

"बोलले," मी म्हटलं. "काकू, ते खूप चांगलं बोलले." आणि मग पुढचं एकदम बाहेर पडलं. "त्यांनी त्यांच्याच कामातल्या चुका दाखवल्या. पॅनेलला. भिंतीवर टिंबं देऊन."

काकू उभ्या होत्या तिथेच थांबल्या.

"सगळ्या दाखवल्या?"

"नाही. वेळ संपली."

"हं," काकू म्हणाल्या. "मग उरलेल्या आता मला दाखवतील."

त्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग आम्ही दोघीही एकदम थांबलो. त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला. एका ताटलीत मला शिरा आणून दिला. चांगला झाला होता, काजू घातलेले होते. मी खात होते आणि त्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून होत्या, हात मांडीवर ठेवून. खोली मला नेहमीपेक्षा मोठी वाटली. मग लक्षात आलं की भिंतीला लागून पिशव्याच नव्हत्या. जागेची जाहिरात आल्यापासून काकूंनी नवी कामं घेणं बंद केलं होतं. लग्नसराई तोंडावर होती आणि त्या येईल त्याला नाही म्हणत होत्या.

खाली सायकल उभी केल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं ऐकू आली, पण ती अर्ध्यातच थांबली. कुणी वर येईना.

काकूंनी मोबाईल उचलला. डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि कानाला लावला.

"हॅलो, वहिनी? मी बोलतेय. अहो, ते तुमच्या पुतणीच्या लग्नाचे ब्लाउज, मी नाही म्हणाले होते ना… दिले का कुणाला? नाही ना? मग पाठवून द्या. हो, हो, सगळे द्या. तुमच्या जावेचे पण द्या. अस्तर तेवढं तुम्ही आणा. आज आणलेत तरी चालेल."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकू सगळ्या अंगाने दाराकडे वळल्या. सर दारात येऊन उभे होते, एक बूट पायात, एक हातात.

"मान ना?" काकू फोनवर म्हणाल्या. "अहो, मान आता एकदम बरी आहे."